पिकअपचे मागील डिफरन्शियल घरी खोलताना काय तपासावे, काय मोजावे?

देऊळगाव राजा परिसरातला माल, मग ते शेडनेटमधले मिरची-टोमॅटोचे बियाणे असो, भाजीपाला असो की सोयाबीन, बहुतेक वेळा पिकअपमध्ये चढूनच जालना किंवा चिखलीकडे जातो. परतीच्या फेरीत खत, ठिबकचे पाईप नाहीतर सिमेंट येते. या गाडीच्या इंजिनाकडे शेतकऱ्याचे लक्ष असते. ऑईल, फिल्टर वेळेवर बदलले जातात. मागच्या धुऱ्याच्या मधोमध असलेल्या लोखंडी फुगवट्याकडे मात्र तो ओरडू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. आणि तो ओरडतो नेमका काढणीच्या दिवसांत, कारण गाडीवर सर्वांत जास्त ओझे तेव्हाच असते.

हे काम घरच्या घरी होते का, असा प्रश्न अनेक जण विचारतात. ट्रॅक्टरची किरकोळ कामे स्वतः करणाऱ्या शेतकऱ्याला डिफरन्शियल खोलणे आणि परत बसवणे जड जाणार नाही. अवघड आहे ते मोजमाप. पिनियनची खोली, बेअरिंगचा ताण आणि दातांमधली मोकळीक ही तीन मापे जमली नाहीत, तर नवे कोरे गिअरही थोड्याच दिवसांत घूं घूं करू लागतात. म्हणून पाने किती आहेत यापेक्षा मोजायची साधने आहेत का, हे आधी पाहा.

आत नेमके काय असते?

गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट एका लहान गिअरला फिरवतो, तो पिनियन. पिनियन मोठ्या गिअरला, म्हणजे क्राउनला फिरवतो. पिनियनला ९ आणि क्राउनला ४१ दात असतील तर पिनियनचे साधारण साडेचार फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. वेग कमी होतो, ओढ वाढते. क्राउन ज्या डब्यावर बोल्टने बसवलेला असतो, त्या डब्यात चार लहान चकऱ्या असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. तो फरक या चकऱ्या सांभाळतात. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी अशा रचनेचे पेटंट फ्रान्सच्या ओनेझिफोर पेकर याने १८२८ साली घेतले. मूळ कल्पना आजही तीच आहे.

ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा पेडल असतो, हे तुम्हाला माहीत आहे. एक चाक चिखलात फिरू लागले की पेडल दाबून दोन्ही चाके एकत्र बांधता येतात. साध्या पिकअपला ही सोय सहसा नसते. पावसाळ्यात काळ्या मातीत एक चाक रुतून थांबले आणि दुसरे फिरत राहिले, तर ते फिरणारे चाक क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरते. तो सगळा फरक त्या लहान चकऱ्यांवर आणि त्यांच्या पिनवर येतो. दहा मिनिटे ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढत बसलात तर पिन जळू शकते. असे नुकसान तेव्हा दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी आवाजातून कळते. चाकाखाली तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या टाकून किंवा ट्रॅक्टरने ओढून गाडी काढणे स्वस्त पडते.

आजच्या बहुतेक पिकअपमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा थोडा खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. यात दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. साधे इंजिन ऑईल या दाबात टिकत नाही. इथे जीएल-५ दर्जाचे गिअर ऑईलच लागते.

खोलण्याआधी आवाज ओळखा

मागून आवाज येतो म्हणजे डिफरन्शियलच गेले, असे नसते. रिकामा, सरळ रस्ता पाहून गाडी चालवा, शेजारी एक माणूस बसवा आणि लक्ष देऊन ऐका.

ओढ देताना घूं घूं येते आणि पाय उचलला की थांबते, किंवा याच्या उलट होते, तर संशय क्राउन-पिनियन आणि पिनियनच्या बेअरिंगवर घ्यावा. आवाज वेगाबरोबर वाढतो पण ॲक्सिलरेटर सोडल्याने बदलत नाही, शिवाय गाडी डावी-उजवीकडे झुलवल्यावर कमी-जास्त होतो, तर चाकाचे बेअरिंग पाहा. गिअर टाकून क्लच सोडताना ‘खट्’ असा एकच ठोका येत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहा. क्रॉस बदलणे हे डिफरन्शियलच्या मानाने किरकोळ काम आहे. फक्त वळणावर कटकट येत असेल तर चकऱ्या किंवा त्यांची पिन झिजलेली असते.

मागच्या दोन टायरांतला फरकही पाहावा. एक नवा आणि एक गुळगुळीत टायर असेल तर सरळ रस्त्यावरही दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि चकऱ्यांना क्षणाची विश्रांती मिळत नाही.

यानंतर खालचा बोल्ट काढून ऑईल स्वच्छ भांड्यात उतरवा. चुंबकावर राखाडी रंगाचे मऊ काजळ असेल तर काळजी नको, ती नेहमीची झीज आहे. सुईसारखे किंवा टिकलीसारखे तुकडे निघाले तर संच खोलावाच लागेल. ऑईल ताकासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे. नाल्यातून गाडी नेली की हे घडते: गरम हौसिंग पाण्यात एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून पाणी ओढले जाते.

ब्रीदर म्हणजे हौसिंगच्या वर असलेली बारीक टोपी किंवा नळी. तिचे छिद्र धुळीने बुजले तर आत दाब तयार होतो आणि ऑईल सीलमधून बाहेर पडते. ते पिनियनजवळ गळते किंवा थेट ब्रेक ड्रममध्ये जाते. वारंवार सील बदलूनही गळती थांबत नसेल तर आधी ब्रीदर साफ करा. ऑईल कमी पडून जळालेली बेअरिंगे आणि बुजलेला ब्रीदर यांचे नाते फार जवळचे आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

गाडी कुठे आणि कशी उचलावी?

या कामात जीव जातो तो गिअरमुळे नाही, जॅकमुळे. काळ्या मातीवर जॅक कधीही लावू नये. माती वरून कडक दिसली तरी ओझे आले की जॅक एका बाजूला कलतो. सिमेंटचे खळे किंवा पक्का ओटा निवडावा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. काम करताना गाडी लोखंडी घोड्यांवरच उभी असली पाहिजे. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा रिम रचून त्याखाली जाऊ नये.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. हँडब्रेक बहुतेक पिकअपमध्ये मागच्या चाकांवर असतो आणि तीच चाके तुम्ही उचलणार आहात. प्रोपेलर शाफ्ट सोडल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. गाडीला धरून ठेवणारी फक्त पुढची दोन चाके उरतात. त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात. गोल दगड सरकतो. मुले आणि जनावरे त्या बाजूला येणार नाहीत याची व्यवस्था करावी.

वेळ म्हणाल तर खरिपाची पेरणी-डवरणी आटोपल्यावर, सोयाबीन काढणीच्या आधीचे दिवस बरे. पाऊस असला तरी छत असलेल्या जागी काम होते आणि सुट्या भागासाठी दोन दिवस थांबावे लागले तर माल अडत नाही.

संच बाहेर काढणे

हौसिंग दोन प्रकारची असतात. एका प्रकारात मागच्या बाजूला पत्र्याचे किंवा बिडाचे झाकण असते. ते काढले की क्राउन समोर दिसतो आणि काम गाडीखालीच करावे लागते. दुसऱ्या प्रकारात मागची बाजू बंद असते आणि पुढून, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या बाजूने, पूर्ण संच बोल्ट सोडून बाहेर येतो. घरी काम करणाऱ्यासाठी हा दुसरा प्रकार सोयीचा, कारण संच टेबलावर ठेवून उजेडात मोजमाप करता येते. मात्र तो ३० किलोच्या आसपास किंवा जास्तही भरतो. छातीवर घेऊन उतरवू नये. खाली जॅक धरून दोन माणसांनी उतरवावा.

प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी त्याच्या आणि पिनियनच्या फ्लँजवर छन्नीने किंवा रंगाने समोरासमोर खूण करा. नंतर दोन्ही बाजूंचे एक्सल बाहेर ओढावे लागतात. काही गाड्यांत एक्सल हबच्या बाहेरून बोल्टने बसवलेला असतो आणि चाक जागेवर ठेवूनच निघतो. काहींत चाक, ड्रम काढून बेअरिंगसह ओढावा लागतो. अशा गाडीत एक्सल निघाला म्हणजे चाकाला धरणारे काहीच राहत नाही, हे लक्षात ठेवा.

संच खोलताना सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्राउनच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंग टोप्या. त्या कारखान्यात त्याच हौसिंगवर बसवून एकत्र घडवलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली किंवा उलटी बसली तर बेअरिंग वाकडे बसते. पंचने डावीकडे एक टिंब आणि उजवीकडे दोन टिंबे मारून ठेवा. शिम, म्हणजे जाडी जुळवण्याच्या पातळ चकत्या, निघतील तशा वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि वर्‌ कुठून निघाल्या ते लिहा. जुन्या शिमची जाडी ही पुढच्या कामाची किल्ली आहे. फोटो काढायला मोबाईल आहेच.

खोलण्याआधी जुन्या संचाची मोकळीक मोजून लिहून ठेवावी. तेच गिअर परत वापरायचे झाले तर हा आकडा उपयोगी पडतो.

काय बदलायचे, काय ठेवायचे?

क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात. कारखान्यात ते एकमेकांबरोबर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा क्रमांक कोरलेला असतो. जुन्या क्राउनला नवा पिनियन लावून पैसे वाचत नाहीत. भंगारातून आणलेला संच घ्यायचा असेल तर दोन्ही क्रमांक जुळतात का ते पाहा आणि दात मोजा. आपल्या गाडीइतकेच हवेत.

संच खोललाच आहे तर पिनियनची दोन आणि बाजूची दोन बेअरिंगे, पिनियनचे सील, एक्सलची सील, पिनियनचा नट आणि दबणारी नळी (कोलॅप्सिबल स्लीव्ह) असेल तर तीही नवी घ्यावी. बेअरिंगची वाटी जुनी आणि रोलर नवे असे करू नये. क्राउनचे दात कुठेही तुटलेले नसतील, खड्डे नसतील आणि फक्त बेअरिंग आवाज करत असेल तर जुनी जोडी चालते. उलट चकऱ्यांच्या पिनवर निळसर जळाल्याची खूण किंवा नखाला लागणारी खाच असेल तर ती बदलावी.

बेअरिंग काढणे-बसवणे घरी हातोड्याने करू नये. रोलरच्या पिंजऱ्यावर एक फटका बसला तरी नवे बेअरिंग निकामी होते. हे काम लेथवाल्याकडे प्रेसवर काही मिनिटांत होते. क्राउन डब्यावर घट्ट बसत असेल तर तो गरम तेलात किंवा उन्हात तापवून बसवावा. गॅसची ज्योत दातांना लावल्यास पोलादाचा कडकपणा जातो.

तीन मापे

पहिले माप पिनियनच्या खोलीचे. पिनियन क्राउनच्या किती जवळ बसतो, हे त्याच्या मोठ्या बेअरिंगजवळच्या शिमवर ठरते. जुनीच जोडी आणि तेच हौसिंग असेल तर तितक्याच जाडीची शिम घालून सुरुवात करावी. नवी जोडी असेल तरी सुरुवात तिथूनच करावी, पण दातांवरचा ठसा पाहून बदल करावा लागेल, हे धरून चाला. शिम बदलताना दर वेळी नवे बेअरिंग काढावे लागू नये म्हणून एक युक्ती आहे. जुन्या मोठ्या बेअरिंगचे आतले छिद्र लेथवर किंचित मोठे करून घ्यावे, म्हणजे ते हाताने चढते-उतरते. जुळवाजुळव त्यावर करावी, शेवटी नवे बेअरिंग दाबून बसवावे आणि ठसा पुन्हा एकदा पाहावा.

दुसरे माप पिनियनच्या बेअरिंगच्या ताणाचे, ज्याला प्रीलोड म्हणतात. नट आवळला की दोन्ही बेअरिंगे एकमेकांकडे दाबली जातात. ताण कमी पडला तर ओझ्याखाली पिनियन हलतो, जास्त झाला तर बेअरिंग जळते. हा ताण नट किती घट्ट आहे यावरून कळत नाही; पिनियन फिरवायला किती जोर लागतो, यावरून कळतो. त्यासाठी वेगळा पाना मिळतो, पण लहान डिजिटल टांगता काटाही चालतो. कापूस वेचणीत वजनाला वापरतो तसाच, फक्त ग्रॅममध्ये दाखवणारा हवा. फ्लँजला दोरी गुंडाळा, काटा अडकवा आणि संथ, एकसारखा ओढा. हलायला सुरुवात होतानाचा आकडा सोडून द्या, फिरत असतानाचा घ्या. समजा पुस्तिकेत २ न्यूटन-मीटर दिले आहे आणि दोरी मध्यापासून ५ सेंटिमीटरवर ओढते आहे, तर काटा सुमारे ४ किलो दाखवील. नव्या बेअरिंगचा आकडा जुन्यापेक्षा जास्त असतो. हे माप तेल सील बसवण्याआधी आणि क्राउन आत नसताना घ्यावे.

दबणारी नळी असलेल्या गाडीत नट एकदम आवळू नये. नळी दबू लागेपर्यंत खूप जोर लागतो, आणि मग थोड्याशा फेऱ्यातही ताण झपाट्याने वाढतो. थोडे आवळा, मोजा, पुन्हा थोडे आवळा. ताण जास्त झाला तर नट सैल करून काम भागत नाही. दबलेली नळी परत फुलत नाही, नवीच घालावी लागते. म्हणून एक जास्तीची नळी आधीच आणून ठेवा. आणि ठसा जुळवण्याच्या फेऱ्या नळी न घालता, जुन्या नटावर करा.

तिसरे माप दातांमधल्या मोकळिकीचे, म्हणजे बॅकलॅशचे. पिनियन घट्ट धरून क्राउन मागे-पुढे किती हलतो, ते डायल गेजने मोजतात. या आकाराच्या गाड्यांत ही मोकळीक साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर असते, पण तुमच्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतला आकडाच अंतिम मानावा. हाताच्या अंदाजाने हे कळत नाही, कोणी कितीही अनुभवी असला तरी. साधा डायल गेज आणि चुंबकी स्टँड नवा घेतला तरी एका क्राउन-पिनियनच्या किमतीपुढे तो खर्च लहान आहे. चार ठिकाणी मोजा. आकड्यांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर क्राउन आणि डबा यांच्यामध्ये कचरा किंवा बर अडकला आहे का, ते खोलून पाहा. मोकळीक बदलायची असेल तर बाजूच्या चुडीच्या रिंगांपैकी एक जितकी सैल कराल तितकीच दुसरी आवळा, म्हणजे बेअरिंगचा ताण बदलत नाही. रिंगांऐवजी शिम असतील तर एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला घालावी.

यानंतर दातांवरचा ठसा. क्राउनच्या तीन-चार दातांना गिअर तपासण्याची पेस्ट लावा आणि क्राउनला हाताने किंचित अडवत पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. पूर्वीचे मिस्त्री यासाठी तेलात कालवलेला शेंदूर वापरत आणि अजूनही काही वापरतात. त्यात शिसे असते, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

ठसा दाताच्या मधोमध, वर-खाली कडांना न भिडता उमटला पाहिजे. तो दाताच्या मुळाशी खोल गेला असेल तर पिनियन जास्त आत आहे, शिम कमी करा. वरच्या कडेला असेल तर पिनियन दूर आहे, शिम वाढवा. (काही जड गाड्यांत पिनियन वेगळ्या डब्यात असतो, तिथे हा नियम उलटा चालतो.) ठसा क्राउनच्या आतल्या टोकाकडे सरकला असेल तर मोकळीक वाढवा आणि बाहेरच्या टोकाकडे असेल तर कमी करा. शिम बदलली की मोकळीक बदलते, ती पुन्हा जुळवावी लागते. पाच-सहा फेऱ्या होणे नेहमीचेच आहे. इथे कंटाळून ‘चालेल’ म्हणणाऱ्यांचीच गाडी परत खोलावी लागते. ज्या ओढीच्या बाजूवर माल भरून गाडी चालते, त्या बाजूचा ठसा आधी नीट करा. जुन्या वापरलेल्या जोडीचा ठसा कधी आदर्श येत नाही. तिची मूळ मोकळीक कायम ठेवणे जास्त महत्त्वाचे.

डायल गेज मिळत नसेल किंवा ठसा तीन दिवस झगडूनही मधोमध येत नसेल तर एक मधला मार्ग आहे. पुढून निघणारा संच घरीच उतरवा, फक्त तेवढाच दुसऱ्या गाडीत टाकून डिफरन्शियलचे काम रोज करणाऱ्या मिस्त्रीकडे न्या, आणि जुळवून आणल्यावर घरी बसवा. गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि बरीच मजुरी वाचते. मिस्त्री निवडताना त्याच्याकडे डायल गेज आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

बसवल्यानंतर

क्राउनचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थ्रेड लॉक लावून, टॉर्क पान्याने आवळावेत. हौसिंगच्या आतला गाळ आणि लोखंडाची चूर डिझेलने धुऊन कोरडी पुसावी. एक्सलच्या नळ्यांत राहिलेली चूर नव्या बेअरिंगमध्येच जाते. ऑईल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे, गाडी सपाट जागी असताना. उरलेले जीएल-५ ऑईल गिअरबॉक्समध्ये टाकू नये. अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ लागते, आणि त्यातल्या पितळी रिंगांना दुसरे ऑईल मानवत नाही.

नवी जोडी असेल तर पहिल्या दिवशी रिकामी गाडी १५-२० मिनिटे मध्यम वेगाने चालवा आणि हौसिंग थंड होऊ द्या. असे तीन-चार वेळा करा. हौसिंग गरम होणारच, पण पिनियनजवळ हात क्षणभरही ठेवता येत नसेल तर ताण जास्त झाला आहे. गाडी चालवू नका. बेअरिंग जळून पिनियन अडकला तर मागची दोन्ही चाके भर रस्त्यात जाम होतात.

पहिले ५०० किलोमीटर जड माल भरू नये, चढावर ओढ देऊ नये. त्यानंतर ऑईल बदलावे आणि चुंबक पाहावा. आणि मालाचे वजन: ज्या गाडीची क्षमता १.७ टन आहे, तिच्यात १७ क्विंटल सोयाबीन मावते. २५ क्विंटल भरून जालन्याचा एक फेरा वाचवला तर ते जास्तीचे ओझे या पिनियनच्या दोन-तीन दातांवरूनच जाते.

उतरवलेले जुने ऑईल विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतू नये. डबा भरून ठेवावा आणि जुने ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावा.